विश्लेषण : भोंगा बंद झाला, काम मात्र थांबेना… नोकरीतली दमछाक नेमकी कुणामुळे?

सोलापुरात एके काळी दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. भोंगा वाजला की पाळी सुरू, पुन्हा वाजला की पाळी संपली. काम अंग मोडणारे होते, पण ते कधी संपते हे साऱ्या पेठेला ऐकू येत असे. त्याच शहरातली तरुण पिढी आज पुणे, मुंबई, बेंगळूरु, हैदराबादला लॅपटॉपपुढे बसते आणि तिच्या कामाला भोंगा नाही. रात्री साडेदहाला टीमच्या ग्रुपवर ‘जरा हे बघून घेशील का?’ असा मेसेज येतो आणि दिवस पुन्हा सुरू होतो. कामाचा उत्साह का आटतो, सहकारी त्यात मदत करतात की भर घालतात आणि बर्नआऊट ही व्यक्तीची कमजोरी आहे की कामाच्या व्यवस्थेचा दोष, याचा हा आढावा.

चर्चेला तोंड कशामुळे फुटले?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंग या बहुराष्ट्रीय कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. मूळची केरळची ही तरुणी नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र समाजमाध्यमांवर पसरले आणि देशभर खळबळ उडाली. कामाचा असह्य ताण आपल्या मुलीच्या जिवावर बेतला, असा त्या पत्राचा रोख होता. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. मात्र अंत्यसंस्काराला कंपनीतले कुणीही आले नव्हते, या आईच्या तक्रारीबाबत कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर खेद व्यक्त केला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

पत्रातले दोन तपशील अधिक बारकाईने वाचण्यासारखे आहेत. आईच्या म्हणण्यानुसार, कामाच्या बोजामुळे या टीममधून अनेक जण सोडून गेले आहेत, हे मुलीला रुजू होतानाच सांगण्यात आले होते आणि तिने टिकून राहून टीमबद्दलचे सगळ्यांचे मत बदलावे, अशी अपेक्षाही व्यक्त झाली होती. दुसरा तपशील कार्यालयातील एका पार्टीचा. या व्यवस्थापकाच्या हाताखाली तुला जड जाणार, असा विनोद तिथे एका वरिष्ठाने केल्याचे पत्रात म्हटले आहे.

मृत्यूच्या वैद्यकीय कारणाबद्दल मतभेद असू शकतात. पण हे दोन तपशील खरे धरले, तर अडचण काय आहे हे वरपासून खालपर्यंत ठाऊक होते. ती कुणी सोडवली नाही, उलट तिचा विनोद झाला. नोकरीतल्या दमछाकीची गोष्ट बहुतेक वेळा अशीच असते. ती कुणापासून लपलेली नसते. फक्त ती कुणाची जबाबदारी आहे, हे ठरलेले नसते.

बर्नआऊट म्हणजे नेमके काय?

दिवसभर शेतात राबलेला माणूस थकतो, रात्री झोपतो आणि सकाळी पुन्हा उभा राहतो. हा थकवा झाला. बर्नआऊटमध्ये रविवार संपूर्ण झोपून काढला तरी सोमवारी सकाळी पायात बेडी असल्यासारखे वाटते. सुटीने जो जात नाही, तो निव्वळ थकवा नसतो.

हा शब्द या अर्थाने रूढ केला तो अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआऊटचा समावेश केला, तोही जाणीवपूर्वक आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. संघटनेने त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती पूर्ण आटल्याची भावना, कामापासून मनाने तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

या व्याख्येतला कळीचा भाग म्हणजे, ‘कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण’ हे त्याचे कारण मानले आहे. म्हणजे शोध माणसाच्या मनात कमी आणि कामाच्या ठिकाणी जास्त घ्यायला हवा. आपल्याकडे मात्र उलटे होते. दमलेल्या कर्मचाऱ्याला योगासनांचे ॲप आणि ध्यानाचे शिबिर दिले जाते आणि कामाचा बोजा जिथल्या तिथे राहतो. गळक्या छताखाली बादली ठेवायची आणि छताला हात लावायचा नाही, असा हा प्रकार आहे.

सोलापूरचा याच्याशी संबंध काय?

सोलापूर हे श्रमिकांचे शहर. कापड गिरण्या १८७० च्या दशकापासून इथे आल्या आणि शहराची वस्ती त्यांच्या भोवती वाढली. गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग, चादर आणि टॉवेल उद्योग, विडी उद्योग यांनी शहराला धरून ठेवले. आज इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्याची वाट धरतात. ज्या हुतात्मा एक्स्प्रेसने ते जातात, तिचे नाव १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांची आठवण आहे. मे १९३० मध्ये हे शहर ब्रिटिशांच्या मार्शल लॉला सामोरे गेले, तेव्हा गिरणी कामगार त्या लढ्याच्या अग्रभागी होते. एकत्र उभे राहणे या शहराला नवे नाही.

घराबाहेर पडलेल्या या पिढीचा ताण दुहेरी आहे. एक कामाचा, दुसरा घरच्या अपेक्षांचा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते, धाकट्या भावंडाची फी, वडिलांचे औषध, या साऱ्याचा हिशेब त्या एका पगारावर असतो. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देणाऱ्या आईला ‘मला हे झेपत नाही’ असे सांगणे सोपे नसते. ‘एसीत बसून कसला आलाय त्रास?’ हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो, पण तो बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो. मग जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येण्यासाठी दोन दिवसांची रजा मागतानाही अपराध्यासारखे वाटू लागते.

आणि हा प्रश्न फक्त संगणकापुढच्या नोकरीचा नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात लांबलचक पाळी करणारा कामगार, मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत शाखेत बसणारा बँक कर्मचारी, रात्रपाळीमागून रात्रपाळी करणारी परिचारिका, हप्तेवसुलीचे लक्ष्य डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारा फायनान्स कंपनीचा तरुण, या सगळ्यांना तो लागू आहे. फरक इतकाच, की यांच्या दमछाकीला कुणी बर्नआऊट असे इंग्रजी नाव देत नाही.

पगार वाढला तरी उत्साह का वाढत नाही?

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पगार, बसायची सोय, कंपनीचे नियम, वरिष्ठांशी संबंध या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या झाल्या म्हणून तो उत्साहाने कामाला लागेलच असे नाही. नाराजी दूर होणे आणि उमेद येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमेद येते ती कामातून काही साधल्याचे समाधान, मिळालेली दाद, जबाबदारी आणि पुढे जाण्याची संधी यांतून.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे माणसाच्या अंतःप्रेरणेच्या तीन गरजा सांगितल्या : स्वतःच्या कामाबद्दल थोडा तरी निर्णय घेता येणे, आपल्याला हे काम जमते असे वाटणे आणि आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव. तिसरी गरज सहकाऱ्यांशी थेट जोडलेली आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत हमखास येतात. उजेड कमी-जास्त केल्याने उत्पादन किती बदलते, हे पाहायला सुरुवात झाली होती. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर नंतर बरेच वाद झाले. पण कामगार म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे, तो त्याच्या गटाचा माणूस असतो, ही गोष्ट त्यांनी चर्चेच्या मध्यभागी आणली.

पगार महत्त्वाचा नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. हजार विड्यांमागे मजुरी किती, यावर जिची चूल पेटते तिला अंतःप्रेरणेचे प्रवचन देणे हा अन्याय आहे. आधी पुरेसा पगार, मग बाकीचे. पण पगार पुरेसा असूनही माणसे का कोमेजतात, याचे उत्तर पगारपत्रकात सापडत नाही.

सहकारी ताण कमी करतात की वाढवतात?

दोन्ही. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी बर्नआऊटची मुळे सहा ठिकाणी शोधली : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि दाद, सहकाऱ्यांतले नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. सहापैकी बोजाबद्दल सगळे बोलतात. उरलेल्या पाचांवर टीममधल्या माणसांचा मोठा प्रभाव असतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

सहकारी ताण वाढवतात तो मोठ्या भांडणांतून नव्हे, तर रोजच्या लहान गोष्टींतून. एकाने केलेले काम दुसऱ्याने मीटिंगमध्ये स्वतःचे म्हणून सांगणे. चूक झाली की ईमेलमध्ये साहेबांना जोडून ती चव्हाट्यावर आणणे. रजेवर असलेल्याला ‘फक्त दोन मिनिटे’ म्हणून फोन करणे. वेळेत घरी निघालेल्याला ‘आज हाफ डे का?’ असा टोमणा मारणे. हा टोमणा मारणारा बहुतेक वेळा स्वतःही घरी जायला आसुसलेला असतो. पण सगळे बसलेत म्हणून आपणही बसायचे, या चढाओढीत कुणाचेच काम वाढत नाही, फक्त घड्याळ वाढते.

उलट बाजूचे चित्र सिद्धेश्वर यात्रेत दरवर्षी दिसते. उंच नंदीध्वज एका वेळी एकाच्या कमरेवर पेललेला असतो, पण त्याच्या भोवती साथीदार असतात, तोल जातोय असे दिसले की हात पुढे येतात आणि वाटेत भार दुसऱ्याकडे दिला जातो. भार दुसऱ्याकडे देण्याला तिथे कुणी कमजोरी म्हणत नाही. तो पेलण्याच्या रीतीचाच भाग असतो.

ॲमी एडमंडसन या हार्वर्डच्या अभ्यासकांनी रुग्णालयांतील औषधे देण्याच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा त्यांना एक उलटी वाटणारी गोष्ट आढळली. चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका अधिक होत्या. त्या अधिक चुका करत होत्या म्हणून नव्हे, तर तिथे चूक सांगायला भीती वाटत नव्हती म्हणून. ज्या टीममध्ये ‘मला हे जमत नाही’, ‘माझ्याकडून चुकले’, ‘आज मला शक्य नाही’ ही तीन वाक्ये न घाबरता बोलता येतात, तिथे ताण साठत नाही. जिथे ती बोलता येत नाहीत, तिथे तो आतल्या आत कुजत राहतो.

चांगले काम करणाऱ्यालाच शिक्षा का?

एक साधा हिशेब करू. समजा, सहा जणांच्या टीमला दिवसाचे नऊ तास पुरेल एवढे काम आहे. म्हणजे रोजचे ५४ तासांचे काम. दोघे नोकरी सोडून गेले, नवी भरती थांबली. काम तेवढेच, माणसे चार. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा तास. त्या ताणाने आणखी एक जण गेला की उरलेल्या तिघांच्या वाट्याला १८ तास. म्हणजे बर्नआऊट संसर्गजन्य नसला तरी बोजा संसर्गजन्य असतो. एकाचा राजीनामा हे दुसऱ्याच्या राजीनाम्याचे कारण बनते.

शिवाय हे वाटप समान होत नाही. जो काम नाकारत नाही, जो वेळेत आणि नीट करून देतो, त्याच्याकडेच पुढचे काम जाते. ओढणारा बैल दिसला की जू त्याच्याच मानेवर. टाळाटाळ करणारा सुखात राहतो आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात दोघांनाही जवळपास सारखीच पगारवाढ मिळते. अशा वेळी गुणी कर्मचाऱ्याचा उत्साह मरतो तो कष्टाने नव्हे, अन्यायाने.

यात एक गणित कंपन्या विसरतात. रांगांच्या शास्त्रातील सर्वांत साध्या प्रारूपानुसार, एखादी खिडकी ५० टक्के वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला रांगेत सरासरी एका कामाइतका वेळ थांबावे लागते. ती ८० टक्के वेळ कामात असेल तर चार कामांइतका आणि ९० टक्के असेल तर नऊ कामांइतका. बोजा थोडा वाढतो, तुंबणे मात्र अनेक पटींनी वाढते. प्रत्येक माणूस शंभर टक्के कामाला जुंपणे हे वरून काटकसरीचे दिसते. प्रत्यक्षात त्या टीममध्ये एकाला ताप आला तरी सगळे कोसळते. थोडी मोकळीक म्हणजे आळस नव्हे. रेल्वेरुळांच्या सांध्यात उन्हाळ्यासाठी जागा सोडतात, तशी ती असते.

‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य धोक्याचे का?

अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना कुटुंब म्हणतात. भावना चांगली असेलही. पण कुटुंबात कामाचे तास मोजत नाहीत, मोबदला मागत नाहीत आणि तक्रार केली तर ती कृतघ्नता ठरते. हेच नियम नोकरीला लावले की फायदा कुणाचा होतो, हे उघड आहे. शिवाय घरातल्या माणसाला तिमाहीचे आकडे वाईट आले म्हणून कुणी काढून टाकत नाही.

सहकाऱ्यांचे नाते म्हणजे वाढदिवसाचा केक आणि शुक्रवारचे खेळ, एवढीच कल्पना आता उरली आहे. सोलापूरला यापेक्षा मोठी कल्पना माहीत आहे. इथल्या हजारो स्त्रिया विडी वळतात. पान आणि तंबाखू घरी आणायचे, विड्या वळायच्या, हजारावर मजुरी घ्यायची. तंबाखूची धूळ छातीत जाते, मजुरी तुटपुंजी असते, त्यामुळे या कामाचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण एकत्र बसून काम करणाऱ्या या बायकांनी संघटना उभी केली आणि कुंभारीत आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी रे नगर प्रकल्प आला. त्यातील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सहकाऱ्यांच्या नात्यातून डोक्यावर छप्पर येऊ शकते, हे या शहराने पाहिले आहे. उच्चशिक्षित नोकरदारांना मात्र शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा पगार विचारायचीही चोरी वाटते.

कायदा काय सांगतो?

आठवड्याची सुटी ही कुणी कनवाळूपणे दिलेली देणगी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर १० जून १८९० पासून तिथल्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आठवड्याला ४८ तासांची मर्यादाही अशीच टप्प्याटप्प्याने आली.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि जादा कामासाठी दुप्पट दराने मोबदला, अशा तरतुदी होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. जादा कामाला दुप्पट मोबदल्याचे तत्त्व कायम आहे. पण किती खासगी कार्यालयांत रात्री नऊनंतरचा कॉल ‘जादा काम’ म्हणून नोंदवला जातो? व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरील लोक या तरतुदींच्या बाहेर राहतात, त्यामुळे पदनामात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ शब्द आला की तास मोजणे थांबते.

कायदा असूनही पाहणारे कुणी नसेल तर काय होते, हेही पुण्याच्या प्रकरणात दिसले. कामगार विभागाच्या पाहणीत, तिथले कार्यालय २००७ पासून या कायद्याखालील नोंदणीविना चालत असल्याचे आढळल्याचे अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. नोंदणीसाठी अर्ज आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे १७ वर्षे सरकारी दप्तरी ते कार्यालय या कायद्यापुरते अस्तित्वातच नव्हते.

कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आणला. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक आधी २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. मात्र १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेले नाही, हे लक्षात घेता त्यावर फार आशा ठेवता येत नाही.

कष्टाशिवाय प्रगती कशी होणार?

हा प्रश्न रास्त आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांबद्दलचे विधान जानेवारी २०२५ मध्ये गाजले. देश घडवायचा तर राबावे लागेल, हा त्यामागचा विचार. सोलापूरकरांना कष्टाचे महत्त्व कुणी शिकवण्याची गरज नाही.

पण मालकाचे ७० तास आणि नोकराचे ७० तास यांत फरक आहे. पहिल्याला नफा, निर्णय आणि नाव तिन्ही मिळतात. दुसऱ्याला महिनाअखेरचा ठरलेला पगार. शिवाय शरीराला देशभक्ती कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा लोकांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक असतो. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही आठवड्याला ६० तासांहून अधिक काम आरोग्याला बाधक ठरू शकते, असे संशोधनाचा हवाला देऊन नमूद केले आहे. जास्त तास म्हणजे जास्त देशसेवा, हे समीकरण सरकारच्याच कागदावर टिकत नाही.

मग करायचे काय?

सगळा भार ‘स्वतःची काळजी घ्या’ या सल्ल्यावर टाकणे चुकीचे आहे. तरी सरकार आणि कंपनी बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. टीमच्या पातळीवर चार गोष्टी आजही करता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, कामाचे वाटप सगळ्यांना दिसेल असे लिहून ठेवणे. कुणाकडे किती आहे हे फळ्यावर आले की ओढणाऱ्या बैलावरचे जू आपोआप चर्चेत येते. दुसरी, रजेवरच्या माणसाला फोन न करण्याचा नियम टीमने आपसांत ठरवणे आणि त्याच्या कामाची माहिती आणखी एकाला असणे. तिसरी, ‘तातडीचे’ या शब्दाचा अर्थ ठरवणे. उद्या सकाळी दहाला चालणारे काम रात्री दहाला तातडीचे नसते. चौथी, श्रेय नावानिशी देणे. मीटिंगमध्ये ‘हे अमुकने केले’ हे एक वाक्य दहा बक्षिसांपेक्षा मोलाचे असते.

व्यवस्थापकांकडे बोट दाखवताना त्यांचीही स्थिती पाहायला हवी. अनेक कंपन्यांत चांगला अभियंता बढती मिळून रातोरात माणसे सांभाळणारा होतो. यंत्र चालवायला महिनाभराचे प्रशिक्षण आणि माणसे चालवायला एक ईमेल. वरून लक्ष्य, खालून राजीनामे, मध्ये तो. कंपनीने त्याचे मूल्यमापन करताना टीमने किती काम केले याबरोबरच त्याच्या टीममधून किती जण आणि का सोडून गेले, हेही मोजले तर चित्र लवकर बदलेल.

आणि जो सध्या या दमछाकीत सापडला आहे त्याच्यासाठी : झोप उडणे, विनाकारण रडू येणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसत असतील तर तो निव्वळ कामाचा ताण समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

निष्कर्ष काय?

बर्नआऊट हा कमकुवत मनाचा रोग नाही. काम मोजणारे अनेक आणि माणूस मोजणारे कुणी नाही, अशा व्यवस्थेचा तो हिशेब आहे. त्यातला मोठा वाटा कंपन्यांचा आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा आहे, तो त्यांच्याकडूनच वसूल व्हायला हवा. पण एक छोटा वाटा शेजारच्या टेबलाचाही आहे. ज्याचा डबा गेले आठ दिवस तसाच परत जातो, जो हल्ली चहाला उठत नाही, ज्याचे मेसेज रात्री दोन वाजता येतात, त्याला आज ‘तुझ्याकडचे एक काम माझ्याकडे दे’ असे म्हणायला कुठल्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.